मोसीच्या मामाची पोरगी

६ जानेवारी, सोमवार

९.१० — झुरीला गोळी. उकडलेल्या रताळ्यात दाबून. गिळली का ते बघितलं: तोंड उघड, जीभ वर, डावा गाल, उजवा गाल. तिला खुणा कळतात, चार महिने शिकवल्यात. माझा मदतनीस गुंडू जाळीशेजारी उभा. म्हणतो, "एवढं निरखून माझ्या बायकूनं माझं तोंड कधी बघितलं न्हाय."

हसू दे. गोरिलाच्या मादीला बाईमाणसाचीच गर्भनिरोधक गोळी चालते आणि बाईमाणसासारखीच ती चुकवून चालत नाही. आम्ही जैन, घरात कंदमूळ शिजत नाही, म्हणून रताळी गुंडूच्या घरनं उकडून येतात. तरी तुकडा मी वजन करूनच घेतो. चाळीस ग्रॅम.

नवी वही. एकदा नीट मांडून ठेवतो, म्हंजे पुढं मागची पानं उलटावी लागत नाहीत.

मोसी — नर, वय १७, वजन १६८ किलो, पाठ पूर्ण रुपेरी. झुरी — मादी, ११. नालू — मादी, १४. तिघंही परदेशातल्या तीन वेगवेगळ्या प्राणीसंग्रहालयांतनं आलेली. आपल्या मालकीची नव्हेत, सांभाळायला दिलेली. कुणाची जोडी कुणाशी, ते परदेशातल्या समन्वयक मॅडम ठरवतात. वंशावळीच्या नोंदी बघून ठरवतात. आणि कोल्हापुरातल्या नोंदी ठेवतो मी — दहावी पास, अकरा वर्षं पक्ष्यांच्या पिंजऱ्यावर मदतनीस, इंग्रजी शब्दकोशातनं शिकलेलं. चूक सापडली तर दाखवा म्हणावं. तीन वर्षांत एक सापडलेली नाही.

९ जानेवारी, गुरुवार

साहेबांनी बोलावलं. पृथ्वीराज साहेब, आपल्या प्राणीसंग्रहालयाचे संचालक. माणूस चांगला, पण घाई फार.

"दादासो, मोसीचं झुरीशी जमलंय. लोकांनासुद्धा दिसतंय. गोळी बंद करूया. बाहेर बोर्ड लावायचाय मला — कोल्हापूरचं पहिलं पिल्लू!"

मी म्हटलं, "साहेब, मोसीची आई आणि झुरीचा बाप सख्खी भावंडं आहेत."

"मग?"

मग समजावलं. प्रत्येक गुणाच्या दोन प्रती असतात — एक आईकडची, एक बापाकडची. दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडनं आलेल्या असायची शक्यता किती, तो पिल्लाचा आकडा. अनोळखी जोडी असेल तर शून्य टक्के. सख्ख्या भावंडांची जोडी — पंचवीस. सावत्र — साडेबारा. मामे-आत्ये — सव्वासहा. एका प्रतीत खोट असली तर दुसरी झाकून नेते. दोन्ही प्रती तीच खोट घेऊन आल्या तर झाकणार कोण? आणि आमच्या प्रजनन कार्यक्रमात सव्वासहाला जोडी लावत नाहीत. मॅडमच्या पत्रात स्पष्ट आहे. पान दोन.

गुंडू दारात चहा घेऊन उभा. त्यानं सगळं ऐकलं आणि निम्मंच घेतलं. "म्हंजे झुरी मोसीच्या मामाची पोरगी की! मग अडचण काय? हक्काची हाय!"

साहेब एवढे हसले की चहा बशीत आला. मी पण हसलो. माझी बायको माझ्या मामाची मुलगी, हे गुंडूला चांगलं ठाऊक आहे.

जाताना गुंडूनं परत काढलं — "जंगलात कोण आकडं मोडतंय?" त्याला सांगितलं: जंगलात मादी वयात आली की आपणहून कळप सोडून दुसऱ्या कळपात जाते. तिला कुणी सांगावं लागत नाही. इथं तिला जायला रस्ता नाही. इथला रस्ता म्हंजे मी, ही वही आणि ती गोळी.

चांगलं बोललो. लिहून ठेवलं.

१२ जानेवारी, रविवार

सुट्टी, पण मॅडमना पत्र लिहिलं. अडीच पानं. गोळी झुरीची चालूच ठेवा, बंद करा ती नालूची — अशी माझी शिफारस. कारण: झुरीच्या आजोबाची पिल्लं-नातवंडं मिळून एकेचाळीस, निम्म्या युरोपात त्याची भाऊबंदकी पसरली आहे. नालूची आजी जंगलातनं आलेली, तिच्या वंशात आज नालू धरून तीनच जीव. नालूला पिल्लू झालं नाही तर ते रक्त संपलं. ज्याची माणसं कमी, त्याला आधी संधी. साधी गोष्ट.

सोबत तक्ता जोडला. हातानं काढलेला. संगणक मॅडमकडं आहे, पण संगणकाला टाकाल तेवढंच कळतं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मोसीला तिळगूळ दाखवून एका पावण्यानं काचेवर थापा मारल्या. दोन शब्द सुनावले.

२१ जानेवारी, मंगळवार

मॅडमचं उत्तर आलं!! "श्री. मगदूम, तुमचा तक्ता दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत आमच्याशी जुळतो. शिफारस मान्य." नालूची गोळी उद्यापासनं बंद. झुरीला वर्ष-दोन वर्षांत दुसरीकडचा नर बघणार.

साहेबांना दाखवलं. "बरं" म्हणाले. जरा तोंड पडलं. पडू दे.

घरी हिला वाचून दाखवलं. "चौथ्या स्थळापर्यंत?" ही म्हणाली. "आमच्या प्राचीला एक स्थळ बघा म्हटलं तर तुम्हाला वेळ न्हाय." प्राची मात्र खूश. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे, तिला दशांश म्हंजे काय ते कळतं. पत्र छापून आणलं आणि शोकेसमध्ये लावलं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून घरी आलो तर अक्का आलेली. सीताक्का, माझी थोरली बहीण, जयसिंगपूरनं. तिची पिशवी बघूनच ओळखलं — साधी खेप नव्हे. नारळ, साडी, पेढे.

अक्का सूर्य मावळायच्या आत जेवते, म्हणून साडेपाचला ताटं केली. जेवण झालं, हात धुतले आणि पदर सारखा करून ती सरळ बोलली:

"दादू, मी मागणं घालाय आलोय. प्राची माझ्या अभिनंदनला दे."

अक्का कोल्हापूरकडच्या बायकांसारखी आलोय-गेलोयच म्हणते. लहानपणापासनं तिच्या तोंडचं ते ऐकलं की तिचं सगळं खरं वाटतं.

अभिनंदन तिचा एकुलता एक. वय २९. कागल पंचतारांकित एमआयडीसीत, मशीन शॉपला इंजिनीअर. व्यसन नाही, हाताला काम. आणि प्राची — मी तिच्याकडं बघितलं तर ती ताट उचलून आत गेली, पण जाताना कान लाल! मला काही कळत नाही असं नव्हे. दोन वर्षं रोज अभिनंदनशी फोनवर बोलायला मामा-आत्यांचा एवढा विषय कुठला निघतो?

"बघू," मी म्हटलं.

"बघू काय? भावाची पोरगी. माझा हक्क हाय."

ही स्वयंपाकघरात भांडी घासत होती. बाहेर आली नाही.

"बघू" मी का म्हटलं? तोंडातनं गेलं खरं. अक्का जाताना नारळ ठेवून गेली.

२८ जानेवारी, मंगळवार

दुपारी डबा खाऊन झाल्यावर मोसीच्या आहाराच्या कागदामागं प्राची-अभिनंदनच्या पोराचा आकडा सहज मांडला. माझं लग्न मामाच्या मुलीशी. आणि अक्का दिली त्याच मामाच्या मुलाला. साटंलोटं. एका मांडवात दोन लग्नं, बत्तीस वर्षं झाली. तेव्हा सगळे म्हणाले, घरचं घरात, काय बरं झालं. मी पण म्हटलं.

मी आणि अक्का सख्खे — पाव. ही आणि भावजी सख्खे — पाव. मी आणि भावजी मामे-आत्ये — सोळावा हिस्सा. ही आणि अक्का तशाच — सोळावा. बेरीज दहा सोळांश. चार जोड्यांची सरासरी, म्हणून भागिले चार.

१५.६२५ टक्के.

परत केलं. तिसऱ्यांदा पेन बदलून केलं. तेच.

सावत्र भावंडांचा साडेबारा असतो. मोसी-झुरीचा सव्वासहा, आणि तेवढ्यावर मी परदेशात अडीच पानं लिहिली.

३० जानेवारी, गुरुवार

मोसी नालूकडं बघत नाही. ती समोर येऊन बसते, ओठ मिटून त्याच्याकडं टक लावते — मादीची ही मागणीच असते — आणि हा उंबराच्या फांद्या सोलत बसलाय. उपाय मी काढला: नालूचे माजाचे दिवस आले की सकाळी तीन तास झुरीला बाजूच्या अंगणात न्यायचं, दार बंद. नजरेआड झाल्याशिवाय नजर फिरणार नाही. आमच्या पशुवैद्य तेजस्वी डॉक्टर म्हणाल्या, करून बघा. बघा काय, होणारच.

गुंडूला ताकीद: मोसीला ऊस द्यायचा नाही. "कोल्हापुरात ऱ्हाऊन ऊस न्हाय! ह्याच्यापेक्षा जेल बरं," म्हणाला.

२ फेब्रुवारी, रविवार

हिला सांगितलं. आकडा सांगितला, कसा आला ते पण सांगितलं. ही मेथी निवडत होती.

"साडेपंधरा," मी म्हटलं. "गोरिलाला मी सव्वासहाला नको म्हटलंय."

हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाली, "अक्काला तोंडावर सांगू नका."

"मग कसं सांगू?"

"तुम्हाला बरोबर माहीत असतंय की सगळं," म्हणाली आणि मेथी घेऊन आत गेली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्राचीला सांगितलं. शांतपणे, कागद पुढं ठेवून. मला वाटलं, लॅबमधली पोरगी आहे, आकडा बघेल आणि समजेल.

"पप्पा, मी काय तुमच्या यादीतली नालू आहे?"

"तसं नव्हे गं—"

"मग गोळीच द्या मला रताळ्यात घालून. नऊ दहाला."

दार आपटलं. शोकेसमधलं पत्र पडलं. मी ते परत लावलं.

चुकतंय कुठं माझं? आकडा खोटा असता तर गोष्ट वेगळी. आकडा खरा आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

अभिनंदन आला, कागलहून थेट, रात्रपाळी करून. डोळे सुजलेले. मला वाटलं, भांडायला आलाय. तो म्हणाला, "मामा, आकडा कसा काढला ते दाखवा."

दाखवला. पोरगा हुशार! एकदा सांगितलं आणि दुसऱ्यांदा त्यानं स्वतः काढला. मोबाइलवर तपासला. १५.६२५. मान हलवली.

"आमच्याकडं पंधरा टक्के रिजेक्शन आलं तर सुपरवायझर लाइन बंद करतो."

"बघ, तुला कळलं."

"पण मामा, हे रिजेक्शन न्हाय. ही शक्यता हाय. पंच्याऐंशी टक्के आपल्या बाजूनं हाईत की."

"तसं वाचायचं नसतं ते. ह्यात पोर अधू होईल की नाही ते लिहिलेलं नाही. दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या निघायची शक्यता लिहिली आहे. त्या प्रतीत खोट आहे की नाही, ते कुठं माहीत आहे आपल्याला?"

"म्हंजे खोट नसंल पण."

"नसेल पण."

"मग?"

मग काय. तेवढ्यात हिनं पोहे आणले. त्यानं खाल्ले, माझ्या पाया पडला. प्राची दारापर्यंत सोडायला गेली ती अर्धा तास आली नाही.

जावई म्हणून असा दुसरा मिळणार नाही. हे पण लिहून ठेवतो. नोंद ही नोंद.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अक्काचा फोन. मी कामावर होतो तरी उचलला.

"माझ्या पोराला माकडाच्या वहीत घातलास व्हय रं?"

"अक्का, गोरिला माकड नव्हे. माकडाला शेपूट असतं. गोरिला कपी—"

फोन ठेवला तिनं! दहा मिनिटांनी परत आला.

"बरं, कपी. माझं ऐक आता. तू मामाची पोरगी केलास. काय झालं? प्राची बघ, सोन्यासारखी. मी मामाच्या घरात गेलो. काय झालं? अभिनंदन बघ. एक डोळा कमी हाय? एक बोट कमी हाय? बत्तीस वर्षं दोन संसार झालं, दोन पोरं धडधाकट. आन तू मला आकडा सांगतोस."

"दोन पोरांवरनं काही सिद्ध होत नाही, अक्का."

"तुझ्या कागदावरनं होतंय?"

दोन जोड्या, दोन पोरं, दोन्ही उत्तम. नोंदी तिच्या बाजूच्या. पण त्या थोड्या आहेत! थोड्या नोंदींवर निर्णय घेत नसतात. मॅडमसुद्धा हेच म्हणतील.

हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग तुझ्या मॅडमलाच बहीण कर."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ना अक्काचा फोन, ना प्राची बोलते. झुरी ९.१०, गोळी व्यवस्थित.

१७ फेब्रुवारी, सोमवार

जमलं!! ९.४२ला पहिल्यांदा, ११.०५ला परत. मोसी-नालू. झुरी बाजूच्या अंगणात, दार बंद, पाठ फिरवून भोपळा खात होती. वेळ, कालावधी, पुढाकार कुणाचा (नालूचा) — सगळं लिहिलं. गुंडूनं शिट्टी वाजवली. त्याच्या हातात पेढ्याचा पुडा कुठनं आला ते त्यालाच ठाऊक.

"पेढे गर्भ राहिल्यावर," मी म्हटलं.

"तुमच्या घरातलं लगीन मोडलासा, हितलं तरी गोड करू द्या की."

म्हंजे गावभर झालंय.

ऐकून घेतलं. पण नालूकडं बघितलं आणि बरं वाटलं. तीन जिवांचं रक्त, साठ वर्षांपूर्वी कुठल्या तरी जंगलातनं आलेलं, आणि ते पुढं जायची वाट कोल्हापुरात उघडली. माझ्या तक्त्यामुळं. ह्यात कुणाचं वाईट झालं? झुरीचं? तिला दुसरा नर मिळणार आहे. प्राचीलाही मिळेल. अभिनंदनलाही मिळेल. शिरोळ तालुक्यात काय पोरींचा दुष्काळ आहे? सहा महिने रडतील. मग मला नावाजतील.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उपाय सापडला. तोंडी सांगितलं तर भांडण होतं. कागदावर नीट मांडलेलं माणूस शांतपणे बघतं. मॅडम मला ओळखत नव्हत्या, तरी तक्ता बघून ऐकल्या. अक्का तर माझीच बहीण.

घराची वंशावळ काढतोय. गोरिलांची काढतो तश्शीच. नराला चौकोन, मादीला वर्तुळ, लग्नाला आडवी रेघ, पोराला उभी. प्राचीच्या पणजोबापासनं. साल-महिन्यासकट.

ह्या कामात मला जे सुख आहे ते दुसऱ्या कशात नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तक्ता तयार. चार पिढ्या, सव्वीस जीव. साटंलोटं लाल शाईनं. पणजोबाचा जन्म कळेना म्हणून गारगोटीच्या चुलत्यांना तीन फोन केले, शाळेचा दाखला काढून सांगितला त्यांनी. खाली गणित, पायरी-पायरीनं. सगळ्यात खाली, मॅडमच्या कागदांवर असतं तसं: "नोंदी पूर्ण. तपासणारा — दा. मगदूम."

चुरगळू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतला. सुंदर दिसतोय. मन लावून बघत बसलो.

हिला दाखवला. हिनं चष्मा लावला. वरनं खाली बघत आली आणि अक्काच्या वर्तुळापाशी बोट थांबलं.

"पाठवू नका," म्हणाली.

"का? चूक दाखव. एक दाखव."

चष्मा काढून ठेवला. "मला कुठं तुमच्यातलं कळतंय."

२३ फेब्रुवारी, रविवार

अभिनंदन कोल्हापुरात आलता. त्याच्या हाती तक्ता अक्काकडं पाठवला. गुंडाळी न करता, सपाट न्यायला सांगितलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

अक्काचा फोन नाही. म्हंजे बघत असणार. समजायला वेळ लागतोच, साहेबांनासुद्धा लागला होता.

नालूचे पुढचे दिवस १७ मार्चच्या आसपास. ते आले नाहीत तर डॉक्टर लघवी तपासणार. साहेब रोज विचारतात. मी सांगितलंय, मला जवळजवळ खात्री आहे. खाण्याची वेळ बदलली आहे तिची, पावणेआठवरनं सव्वाआठ.

प्राची आज जेवायला माझ्यासमोर बसली. बोलली नाही, पण बसली. आठवड्यात नीट होईल सगळं.

२ मार्च, रविवार

अक्का आली. एकटीच. तक्ता टेबलावर ठेवला आणि "नोंदी पूर्ण"वर बोट टेकलं.

"मेलेली पोरं धरत न्हाईत व्हय तुझ्यात?"

"धरतात. एक दिवस जगलेलं पिल्लूसुद्धा."

"मग लिही. अभिनंदनच्या पाठीवर दोन. पोरगी, अकरा दिवसांची. पोरगा, सात महिन्यांचा — मानच धरली न्हाय त्यानं. मामी, सासू माझी, म्हणाली, माहेरात बोलायचं न्हाय, घराचं नाव जातंय. न्हाय बोललो. लिही. आन माझं मागणं मी माघारी घेतलं."

पेन त्या प्लॅस्टिकवर उमटेना. प्राचीनं कोरा कागद आणून माझ्यापुढं ठेवला.

हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"माझंच माहेर ते," ही म्हणाली.